विजेची वेळ आणि विजेची दिशा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर पाककृतींवर, बालसंगोपनावर, भरतकामावर पुष्कळ व्याख्याने झाली. यंदा घरातल्या विजेवर कोणीतरी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा दोघीतिघींनी नाक मुरडले. "ते वायरमनचे काम, आपल्याला काय त्याचे?" असे त्यांचे म्हणणे पडले. मला ते पटले नाही. वायरमन दोन वर्षांतून एकदा घरी येतो. बटण आपण दिवसातून पन्नास वेळा दाबतो. मिक्सर आपण लावतो, गिझर आपण चालू करतो, मुलाने भोकात बोट घातले तर धावत आपणच जातो. शिवाय वायरमन येतो त्या वेळी घरात बहुधा आपणच असतो. तो म्हणतो, "बाई, फेज गेलाय," किंवा "न्यूट्रल तुटलाय," किंवा "जोडणी उलटी आहे." आपण मान हलवतो आणि पैसे देतो. त्या तीन वाक्यांचा अर्थ आज समजून घ्यावा, एवढाच माझा हेतू आहे.

आणि तारापूरच्या बायकांना विजेचे वावडे असावे, हे तर मुळीच शोभत नाही. आपल्या गावाचे नाव देशाला माहीत झाले ते विजेमुळे. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी इथले अणुविद्युत केंद्र रीतसर सुरू झाले. देशातले ते पहिले. ज्यांच्या ध्यासातून ते उभे राहिले ते डॉक्टर होमी भाभा १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात गेले. त्यांना ते पाहता आले नाही. पुढे २००५ आणि २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन मोठ्या अणुभट्ट्यांतून वीज निघू लागली. या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. वीज फुकट येत नाही, हे या किनाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार! तेव्हा जी वस्तू एवढ्या मोलाने मिळते, तिचे दोन शब्द तरी आपल्याला कळावेत.

ते दोन शब्द म्हणजे फेज आणि पोलॅरिटी. या दोहोंची सरमिसळ शिकलेली माणसेही करतात. मी त्यांना मराठीत दोन साधी नावे देते. फेज म्हणजे वेळ. पोलॅरिटी म्हणजे दिशा. एवढे मनात ठेवले की पुढचे सारे सोपे आहे.

प्रथम वीज घरात येते कशी ते पाहू. टॉर्चच्या सेलमधली वीज एकाच दिशेने वाहते. म्हणून सेलला एक अधिक आणि एक उणे टोक असते आणि सेल उलटा घातला तर टॉर्च लागत नाही. घरातली वीज तशी नव्हे. ती ताक घुसळण्यासारखी आहे. रवीची दोरी कुठे जात नाही. पुढे येते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. दोरी जागच्या जागी राहिली तरी लोणी निघायचे ते निघतेच. घरातल्या तारेतली वीजही तशीच मागेपुढे होते, सेकंदाला ५० वेळा. वायरमन 'पन्नास सायकल' म्हणतो ते हेच.

आता फेज. आपल्यापैकी वडीलधाऱ्या बायकांनी उखळात भात कांडलेला आहे. दोघी कांडायला उभ्या राहिल्या तर एकीचे मुसळ वर जाते तेव्हा दुसरीचे खाली येते. तिघी उभ्या राहिल्या तर पहिलीचे पडते, मग दुसरीचे, मग तिसरीचे, आणि पुन्हा पहिलीचे. तिघींची मुसळे सारखी, तिघींचा जोर सारखा, ठेका एक. फरक आहे तो फक्त वेळेचा. दुसरीचे मुसळ पहिलीच्या मागून ठेक्याच्या एक तृतीयांश अंतराने पडते, तिसरीचे दुसरीच्या मागून तितक्याच अंतराने. हेच तीन फेज. वीज केंद्रातल्या जनित्रात तारांची तीन वेटोळी सारख्या अंतरावर बसवलेली असतात आणि मधे चुंबक फिरतो. तो एकामागून एक प्रत्येक वेटोळ्याजवळून जातो, म्हणून तीन तारांतून तीन वेळांची वीज निघते.

हा ठेका फक्त एका केंद्राचा नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या घरातली वीज नेमकी इथल्याच केंद्रातली असते असे नव्हे. सगळी केंद्रे एका जाळ्यात जोडलेली आहेत आणि जाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला सर्वांच्या ठेक्यात ठेका मिळवावा लागतो. चुकीच्या वेळी मुसळ घातले तर ते दुसरीच्या मुसळावर आदळायचे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेकडचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडले गेले आणि तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच ठेका चालू आहे. एवढी माणसे एका तालात वागतात असे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

वेळेचा हा फरक आपल्या डोळ्यांसमोर असतो, पण आपण तो ओळखत नाही. इमारतीच्या पाण्याच्या पंपाला, पिठाच्या गिरणीला तीन फेजची मोटर असते. केबलची दुरुस्ती झाली आणि जोडताना दोन तारांची अदलाबदल झाली, की पंप उलटा फिरतो. मोटर घुमते, पण टाकीत पाणी चढत नाही. असे का व्हावे? तारा त्याच, वीज तीच. पण पहिली-दुसरी-तिसरी असा जो क्रम होता, तो पहिली-तिसरी-दुसरी असा झाला. तिघींनी क्रम बदलून कांडले तर ठेका उलट्या बाजूने फिरत जाईल, तसे. तेव्हा अशा वेळी वायरमन फक्त दोन तारा बदलून पंप सरळ करतो, ती जादू नव्हे.

घरातला पंखा मात्र एकाच फेजवर चालतो. एकटी कांडणारी असली तर क्रम कसला? मग पंख्याला कोणत्या बाजूने फिरावे हे कसे कळते? त्यासाठी त्यात कंडेन्सर घातलेला असतो. तो पंख्यातल्या दुसऱ्या वेटोळ्याची वेळ थोडी सरकवतो, म्हणजे एका फेजपासून घरच्या घरी जणू दुसरा फेज तयार करतो. कंडेन्सर गेला की पंखा नुसता गुणगुणतो, आणि काठीने ढकलला तर ढकलाल त्या बाजूला फिरू लागतो. हे आपण सर्वींनी पाहिले आहे. आता कारणही कळले.

आता आपल्या खांबाकडे या. रोहित्रातून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, तीन फेजच्या तीन तारा निघतात आणि चौथी न्यूट्रलची. ही न्यूट्रल रोहित्रापाशी जमिनीला बांधलेली असते. सामान्य घराला तीन फेजपैकी एक आणि न्यूट्रल अशा दोन तारा मिळतात. त्यांच्यामधला दाब सुमारे २३० व्होल्ट. तुमच्या घरात एक फेज, शेजारणीच्या घरात दुसरा, वरच्या मजल्यावर तिसरा. म्हणून एखाद्या संध्याकाळी अर्धी इमारत अंधारात आणि अर्धी उजेडात दिसते.

येथे एक गंमत आहे. माझा फेज २३० व्होल्टचा, शेजारणीचा २३० व्होल्टचा. तर दोन फेजांमध्ये किती व्होल्ट असावेत? बेरीज केली तर ४६०. पण प्रत्यक्षात असतात सुमारे ४००. कारण पुन्हा मुसळाचेच. तिघी कांडत असताना एकीचे मुसळ अगदी वर असते त्या क्षणी दुसरीचे अगदी खाली कधीच नसते. ते खाली यायच्या किंवा वर जायच्या वाटेवर असते. म्हणून दोन मुसळांमधले जास्तीत जास्त अंतर दुपटीएवढे होत नाही, पावणेदोन पटींच्या जरा आतच राहते. ४०० हा आकडा लक्षात ठेवा. पुढे त्याच्याशी गाठ आहे.

दुपटीएवढे अंतर होईल, अशी मांडणी जगात कुठे आहे का? आहे, अमेरिकेत. आणि अमेरिका आपल्याला परकी नाही. इथले पहिले केंद्र उभारले तेच मुळी जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने. तरी त्या केंद्रातून निघाली ती पन्नास सायकलची वीज, आपल्या रीतीची. अमेरिकेत साठ सायकल. तिकडचे जुने भिंतीवरचे विजेचे घड्याळ दाब कमी करून इथे लावले तर ते तासाला दहा मिनिटे मागे पडेल. शिवाय आज आपल्यापैकी कितीतरी जणींची मुले तिकडे आहेत. बाळंतपणासाठी सहा महिने जाऊन आलेल्या भगिनी येथे बसल्या आहेत. त्यांनी तिकडच्या स्वयंपाकघरात लहान दोन पात्यांचा प्लग पाहिला असेल, आणि कपडे वाळवण्याच्या यंत्रामागे मोठा, वेगळ्याच घाटाचा.

तिकडे घराजवळच्या खांबावरच्या रोहित्रात एकच वेटोळे असते, २४० व्होल्टचे. त्याच्या दोन टोकांपासून दोन तारा घरात येतात आणि वेटोळ्याच्या अगदी मध्यावरून तिसरी, न्यूट्रल. मध्यापासून कोणत्याही एका टोकापर्यंत १२० व्होल्ट. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २४०. दिवे, मिक्सर, टीव्ही १२० वर. शेगडी, कपडे वाळवण्याचे यंत्र, पाणी तापवण्याची टाकी २४० वर.

आता प्रश्न असा, की हे दोन फेज झाले का? बरेच जण तसे म्हणतात. पण पुन्हा रवी आठवा. ताक घुसळताना उजवा हात पुढे येतो त्याच क्षणी डावा मागे जातो, आणि मधली रवी आपली जागा सोडत नाही. दोन हात आहेत म्हणून घुसळणाऱ्या बायका दोन होत नाहीत. बाई एक, दोरी एक, वेळ एक. फक्त दोन टोकांच्या दिशा विरुद्ध. अमेरिकन घरातल्या त्या दोन तारा म्हणजे रवीच्या दोरीची दोन टोके. तो फेज एकच. फरक आहे तो पोलॅरिटीचा, दिशेचा. आपल्याकडचे तीन फेज म्हणजे तीन बायका, तीन मुसळे. तेथे फरक वेळेचा. कागदावर रेघा काढून पाहिल्या तर उलटी दिशा आणि अर्ध्या ठेक्याचा उशीर सारखेच दिसतात, म्हणून घोटाळा होतो. पण दोरीच्या दोन टोकांना मागूनपुढून असा क्रम नाही. म्हणून त्या वीजेवर तीन फेजच्या पंपासारखी मोटर आपण होऊन फिरत नाही, तिथेही पंख्याच्या कंडेन्सरसारखी युक्ती लागते.

ही तीन तारांची रीत एडिसनच्या वेळेपासूनची. १८८३ साली पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावी त्याने खांबांवरून तीन तारांनी वीज नेली. त्याची वीज टॉर्चसारखी एका दिशेची होती, म्हणून एक तार खरोखरीच अधिक, दुसरी उणे आणि मधली मोकळी. दोन्हीकडे सारखे दिवे लागले तर मधल्या तारेतून काहीच वाहत नसे. म्हणून ती बारीक चाले आणि तांबे वाचे. पुढे मागेपुढे होणारी वीज आली, पण तीन तारा आणि त्यांच्याबरोबर पोलॅरिटी हा शब्द तसाच राहिला.

तिकडे जाणाऱ्या भगिनींसाठी तीन गोष्टी सांगते, कारण त्या जिवाशी आहेत. पहिली : इथला २३० व्होल्टचा मिक्सर तिथल्या १२० च्या भोकात लावला तर रेंगाळत फिरेल, चटणी वाटली जाणार नाही, फार बिघडत नाही. पण तिथून आणलेली १२० व्होल्टची इस्त्री किंवा शेगडी इथे लावली तर ती जवळजवळ चौपट तापेल आणि जळेल. दुसरी : तिकडे २४० च्या भोकात दोन्ही बाजूंच्या तारा जिवंत असतात. एकच तार तोडणारे बटण तेथे पुरत नाही. दोन्ही एकदम तोडणारे लागते. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची : आपल्याकडे काळी तार म्हणजे न्यूट्रल, आणि फेज तांबडी, पिवळी किंवा निळी. अमेरिकेत काळी तार म्हणजे जिवंत तार आणि न्यूट्रल पांढरी. हिरवी तेवढी दोन्हीकडे अर्थिंगची. इथल्या सवयीने तिथल्या काळ्या तारेवर कोणी विश्वासून हात ठेवू नये, आणि सुट्टीवर आलेल्या जावयाला इथले बटण दुरुस्त करायला सांगू नये.

आता आपल्या घराकडे वळू. कोणी विचारील, आपली वीज तर सतत मागेपुढे होते. मग इथे 'उलटी जोडणी' म्हणजे काय? दिवा तर दोन्ही तऱ्हांनी लागतो! खरे आहे, दिवा लागतो. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. आपल्याकडे पोलॅरिटी बरोबर असणे याचा अर्थ, जमिनीला बांधलेली तार कोणती आणि जिवंत कोणती हे ठिकाण ठरल्याप्रमाणे असणे. बटण नेहमी फेजच्या तारेत हवे. बटण चुकून न्यूट्रलमध्ये बसवले तर बंद केल्यावर दिवा विझेल, पण होल्डरपर्यंत फेज आलेलाच असेल. आपण बटण बंद करून, ओल्या फरशीवर स्टूल ठेवून, निर्धास्तपणे बल्ब काढायला हात घालतो. आणि ज्याला आपण विझलेले समजतो ते जिवंत असते. बटण बंद असताना रात्री एलईडी दिवा मंद मिणमिणत राहिला, तर इतर कारणांबरोबर हेही एक कारण असू शकते. तपासून घ्यावे.

तीन भोकांच्या सॉकेटसमोर उभे राहा. वरचे मोठे भोक अर्थिंगचे. खालच्या दोहोंत उजव्या हाताला फेज, डाव्या हाताला न्यूट्रल, असा नियम आहे. वरची पिन जाड आणि लांब का असते? प्लग आत जाताना अर्थिंग सर्वांआधी जोडले जावे आणि निघताना सर्वांत शेवटी सुटावे म्हणून. ती पिन कापून किंवा काड्या घालून वस्तू चालवणे म्हणजे दाराची कडी काढून झोपणे. टेस्टर उजव्या भोकात पेटायला हवा, डाव्यात नव्हे. डाव्यात पेटला तर जोडणी उलटी. दोहोंतही पेटला तर त्याहून वाईट. बहुधा न्यूट्रल तुटलेला आहे. घरात जोडलेल्या एखाद्या वस्तूतून फेज फिरून परत आलेला असतो. टेस्टर मात्र आधी चालू असल्याची खात्री असलेल्या भोकात पेटवून पाहावा. मेलेला टेस्टर सगळीकडे सुरक्षित असल्याचेच सांगतो.

आता न्यूट्रलविषयी. माझ्या भाषणाचा गाभा हाच आहे. न्यूट्रलमध्ये 'काही नसते' असा समज आहे. तो चुकीचा आहे. तीन फेजांवर तीन घरांत दहा-दहा अँपिअर वीज चालू असली तर न्यूट्रलमध्ये शून्य. तीन बाजूंनी सारख्या जोराने ओढलेली कडी जागची हलत नाही, तसे. पण तिन्ही घरे एकाच फेजवर आली तर न्यूट्रलमध्ये तीस अँपिअर. एका फेजवर वीस, दुसऱ्यावर दहा आणि तिसरा बंद, असे झाले तर सतरा-अठरा. म्हणजे फेजांची वाटणी बिघडली की त्याचा भार न्यूट्रलवर येतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी आपल्या परिसरातल्या एका इमारतीत काय झाले ते सांगते. दुसऱ्या दिवशी मी तेथे गेले होते. संध्याकाळी एक फेज गेला. ज्या घरांत अंधार झाला, त्यांनी वाट पाहण्याऐवजी खाली जाऊन आपली तार दुसऱ्या चालू फेजवर घेतली. सामना चालू होता, मुलांचा अभ्यास होता. त्यांचा हेतू काही वाईट नव्हता. त्या फेजवर दुप्पट घरे आली आणि एरवी निवांत असलेल्या न्यूट्रलमधून वीज वाहू लागली. आपल्याकडे समुद्राची खारी हवा. तारांच्या सांध्यांवर आधीच गंज चढलेला. सांधा तापला, काळा पडला आणि रात्री सुटला.

न्यूट्रल सुटला म्हणजे काय झाले? दोन फेजांवरची घरे आता एकमेकींच्या पाठीमागे जोडली गेली, आणि त्यांच्यामध्ये ते ४०० व्होल्ट उभे राहिले. त्यांची वाटणी आता न्यूट्रल करत नव्हता. ज्याचा भार जास्त, त्याच्या वाट्याला व्होल्ट कमी, आणि ज्याचा भार कमी, त्याच्या वाट्याला जास्त. समजा, एका बाजूला हजार वॅटची इस्त्री आणि दुसऱ्या बाजूला शंभर वॅटचा बल्ब. इस्त्रीला मिळतात चाळीस व्होल्टसुद्धा नाहीत, आणि बल्बवर येतात साडेतीनशेहून अधिक. त्या रात्री गर्दीच्या फेजवरच्या घरांत दिवे नुसते मंद झाले. आणि ज्यांनी काहीच केले नव्हते, आपापल्या फेजवर दोन दिवे लावून जेवायला बसली होती, त्या घरांतले फ्रीज, टीव्ही, चार्जर, दिवे जळाले. एका घरात फ्रीजमागून धूर निघाला. आजीबाई एकट्या होत्या. शेजारच्या मुलीने मेन स्विच बंद केला म्हणून पुढचे टळले.

भगिनींनो, त्या जिन्यात दुसऱ्या दिवशी मोठे भांडण चालले होते, आणि कोणालाच कळत नव्हते की कोणाची वस्तू कोणामुळे जळाली. फेज बदलणाऱ्यांची उपकरणे शाबूत होती, म्हणून ते शपथेवर सांगत होते की आमचा काही संबंध नाही. ते खोटे बोलत नव्हते; त्यांना ठाऊकच नव्हते. विजेच्या अज्ञानाची किंमत पुष्कळदा अज्ञान असलेल्याला नव्हे, तर त्याच्या शेजाऱ्याला द्यावी लागते. हा विषय मंडळात यायला हवा असे मला वाटले, ते या कारणाने.

दुसरी एक युक्ती याहूनही घातक आहे. न्यूट्रल गेला की कोणी हुशार माणूस अर्थिंगची तार न्यूट्रलच्या जागी जोडून देतो. दिवा लागतो, सगळे वाहवा करतात. पण आता परत जाणारी सगळी वीज अर्थिंगच्या तारेतून जाते, आणि तीच तार तुमच्या गिझरच्या, धुण्याच्या यंत्राच्या, फ्रीजच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते. ती कुठे ढिली झाली की न्हाणीघरातल्या गिझरच्या अंगात फेज उतरतो. ओल्या अंगाने त्याला हात लावणारी कोण असते, हे मी सांगायला नको.

मग आपण काय करावे? बोर्ड उघडावा असे मी मुळीच सांगत नाही. आपण पाहावे, विचारावे आणि वेळेवर बंद करावे. घरातले काही दिवे एकाएकी झगझगीत आणि काही मंद झाले, तर आश्चर्य करत बसू नये. धावत जाऊन मेन स्विच बंद करावा आणि शेजाऱ्यांनाही हाक मारावी. फेज गेला तर दुसऱ्यावर उडी मारू नये, वीज कंपनीला कळवावे आणि मेणबत्ती लावावी. परवाना असलेला वायरमन आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत : बटणे फेजमध्ये आहेत ना? सॉकेटमध्ये उजवीकडे फेज आहे ना? अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत गेले आहे ना? तो चांगला असेल तर रागावणार नाही; रागावला तर दुसरा पाहावा.

आणि घरात आरसीसीबी नावाचे छोटे यंत्र बसवून घ्यावे. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तितकीच परत आली की नाही, याचा ते हिशेब ठेवते. ३० मिलिअँपिअरची, म्हणजे एका अँपिअरच्या शंभरात तीन भाग एवढी तूट आली, कोणाच्या तरी अंगातून वीज जमिनीत चालली असे दिसले, की ते क्षणात सगळे बंद करते. त्यावर तपासणीचे बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहावे. मात्र एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर ते वाचवू शकत नाही, आणि न्यूट्रल तुटल्याने चढलेला दाबही ते अडवत नाही. यंत्र पहारेकरी आहे, घरमालकीण आपणच.

शेवटी मंडळापुढे एक सूचना मांडते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आपण छपरे शाकारतो, लोणची घालतो, छत्र्या दुरुस्त करतो. त्याच सुमारास मंडळाने एखाद्या परवानाधारक वायरमनला ठरवून सभासदांच्या घरांची आणि इमारतींतल्या न्यूट्रलच्या सांध्यांची तपासणी करवून घ्यावी. दहावीस घरांचे काम एकदम निघाले तर खर्चही कमी येईल. ज्या घरात बाई एकटी किंवा वृद्ध आहे, तेथे प्रथम जावे.

पुढच्या वेळी वायरमन "फेज गेला" म्हणेल तेव्हा तीन मुसळांपैकी एक थांबले असे समजा, आणि "जोडणी उलटी" म्हणेल तेव्हा त्याला ती सरळ करूनच जाऊ द्या.